जहाजाचा पंखा कुरतडणारा बुडबुडा धातूला बळ कसं देतो?

जहाजाचा पंखा वर्षानुवर्षं पाण्यात फिरला की त्याच्या पात्यांवर खड्डे पडू लागतात. वाळू घासलेली नसते, दगड आदळलेला नसतो, तरी भक्कम कांस्याचा पृष्ठभाग जागोजाग पोखरलेला दिसतो. जलविद्युत केंद्रातल्या टर्बाइनच्या पात्यांना आणि मोठ्या पंपांच्या इंपेलरलाही, म्हणजे आतल्या फिरत्या चक्राला, हाच रोग होतो. हे काम पाण्यातल्या बुडबुड्यांचं असतं. गेली शंभर-सव्वाशे वर्षं इंजिनिअर त्यांच्यापासून यंत्रं वाचवायची धडपड करत आले आहेत.

जपानी संशोधकांनी मात्र याच बुडबुड्यांना कामाला लावलं. नव्वदच्या दशकाच्या अखेरीपासून तिथल्या अणुभट्ट्यांमध्ये पाण्याखालून पाण्याचाच झोत मारून पोलादाच्या जोडांना तडे जाऊ नयेत अशी व्यवस्था केली जाते. या तंत्राला कॅव्हिटेशन पीनिंग म्हणतात. पाण्याने पोलाद मजबूत होतं हे ऐकायला विचित्र वाटतं. शिवाय जे पाणी धातू खातं तेच त्याला बळ देतं, म्हणजे गोंधळ आणखी वाढतो. म्हणून थोडं मागून, धातू मुळात तुटतो कसा इथून सुरुवात करू.

तडा जवळजवळ नेहमी वरूनच सुरू होतो

८ मे १८४२ रोजी व्हर्सायहून पॅरिसला परतणाऱ्या आगगाडीच्या इंजिनाचा आस मोडला. त्या अपघातात पन्नासहून अधिक माणसं गेली. आस गाडीचं वजन पेलायला पुरेसा जाड होता, त्याआधी कित्येक फेऱ्या त्याने ते पेललंही होतं. मग त्याच दिवशी तो का तुटावा? पुढे जर्मनीत आउगुस्ट वोलर यांनी रेल्वेच्या आसांवर वर्षानुवर्षं प्रयोग करून दाखवलं, की एका झटक्यात धातू तोडायला जेवढं बळ लागतं त्याहून कितीतरी कमी बळही पुन्हापुन्हा लावत राहिलं तर धातू तुटतो. यालाच धातूचा थकवा म्हणतात.

थकव्याचा तडा सहसा पृष्ठभागावर जन्मतो. एखादा बारीक ओरखडा, यंत्रावर कापताना राहिलेली रेघ, वेल्डिंगच्या कडेची खाच अशी जागा त्याला पुरते. वाकणाऱ्या किंवा पिळल्या जाणाऱ्या भागात सर्वांत जास्त ओढही पृष्ठभागालाच बसते. प्रत्येक ओढीबरोबर तड्याची दोन्ही ओठं किंचित उघडतात आणि तो किंचित पुढे सरकतो.

तडा पुढे जायला अशी ओढ लागते. ती नसेल, उलट पृष्ठभाग आधीपासूनच दाबलेला असेल, तर बाहेरून येणाऱ्या ओढीला आधी तो दाब रिता करावा लागतो. तोवर तड्याची ओठं मिटलेलीच राहतात. मोटारीच्या बाजूच्या खिडकीची काच अशीच बनवतात. तापलेल्या काचेचा पृष्ठभाग झटकन थंड करून कायमचा दाबाखाली ठेवतात, म्हणून ती साध्या काचेपेक्षा कितीतरी जास्त सोसते. बाहेरून कुणी जोर लावत नसतानाही वस्तूच्या आत कोंडून राहिलेल्या अशा ताणाला किंवा दाबाला अवशिष्ट ताण म्हणतात. हा लेख सगळा त्याच्याभोवती फिरतो.

तांबट आळीतली हातोडी

पुण्याच्या कसबा पेठेतल्या तांबट आळीत तांब्याच्या भांड्यावर हातोडीने जवळजवळ ठोके देऊन मठारकाम करतात. त्या चमकत्या ठिपक्यांची नक्षी आपल्या डोळ्यांत भरते, पण मठारण्याचं खरं काम भांड्याला ताठपणा आणणं हे आहे. मऊ तांबं ठोके खाऊन कडक होतं, मग पातळ पत्र्याचं भांडंही सहज चेपत नाही.

ठोका बसतो तिथे नेमकं काय होतं? ठोक्याखालचा धातू दबतो आणि बाजूला पसरू पाहतो. त्याच्या खालचा आणि भोवतीचा धातू मात्र जागचा हललेला नसतो. तो या पसरलेल्या थराला पसरू देत नाही, चहूबाजूंनी आवळून धरतो. असे ठोके शेजारी-शेजारी पूर्ण पृष्ठभागावर बसले की वरचा संपूर्ण थर दाबाखाली जातो. धातूकामात या ठोकण्याला पीनिंग म्हणतात.

कारखान्यांत हातोडीची जागा कधीच छर्ऱ्यांनी घेतली. भोसरी-चाकणपासून कोल्हापूरपर्यंत मोटारींचे सुटे भाग बनवणाऱ्यांना शॉट पीनिंग नवं नाही. स्प्रिंगा आणि गिअर यांच्यावर पोलादाच्या बारीक गोळ्यांचा वेगवान मारा करतात, प्रत्येक गोळी म्हणजे एक छोटा ठोका. अमेरिकेतल्या जनरल मोटर्समधले जॉन आल्मेन यांनी हा मारा मोजायची फार देखणी युक्ती काढली. पोलादाच्या एका छोट्या पट्टीवर एकाच बाजूने मारा करायचा. त्या बाजूचा थर पसरू पाहतो आणि पट्टी कमानीसारखी वाकते. जेवढी कमान जास्त, तेवढा मारा जोरदार. आल्मेन पट्टी आजही जगभर वापरतात.

कॅव्हिटेशन पीनिंगमध्ये गोळी नाही, हातोडी नाही. ठोका देतो फुटणारा बुडबुडा. तो येतो कुठून ते आता पाहू.

न तापवता उकळणारं पाणी

पाणी १०० अंशांना उकळतं हे शाळेतलं वाक्य समुद्रसपाटीपुरतं खरं आहे. महाबळेश्वरला हवेचा दाब कमी, म्हणून तिथे पाणी ९५-९६ अंशांनाच उकळतं. दाब आणखी खाली नेला तर उकळबिंदूही आणखी खाली येतो. दाब वातावरणाच्या सुमारे चोविसाव्या हिश्श्यावर आणला, तर ३० अंशांचं पाणीही उकळायला लागतं.

एवढा कमी दाब पाण्यात येतो तो वेगामुळे. पाणी जिथे फार जोरात वाहतं किंवा भोवऱ्यासारखं गरगरतं, तिथे त्याचा दाब कोसळतो. पंख्याच्या पात्यामागे असं घडतं, पंपाच्या तोंडाशी घडतं. तिथे गार पाण्यातच वाफेचे बुडबुडे उमलतात. प्रवाहाबरोबर ते पुढे जास्त दाबाच्या भागात पोचले की वाफेचं पुन्हा पाणी होतं आणि बुडबुडा आतल्या आत मिटतो. बुडबुडे होणं आणि मिटणं या सगळ्या प्रकाराला कॅव्हिटेशन म्हणतात.

चार्ल्स पार्सन्स यांनी वाफेच्या टर्बाइनवर चालणारी टर्बिनिया ही नौका १८९४ मध्ये बांधली, तेव्हा इंजिनात ताकद असूनही ती अपेक्षित वेग घेईना. पंखा इतक्या जोरात फिरत होता की तो बुडबुड्यांच्या ढगातच घुमत राहत होता. पार्सन्स यांनी एक पंखा काढून तीन दंडांवर प्रत्येकी तीन असे नऊ छोटे पंखे बसवले, आणि १८९७ मध्ये त्याच नौकेने ब्रिटिश आरमाराच्या संचलनात सगळ्यांना मागे टाकलं. बुडबुड्यांमुळे वेग जातो एवढं त्यातून कळलं. ते धातू खातात कसे, याचं गणित यायला आणखी वीस वर्षं लागली.

मिटणारा बुडबुडा एवढा जोर कुठून आणतो?

ते गणित लॉर्ड रॅले यांनी १९१७ मध्ये मांडलं. बुडबुड्याच्या आत जवळजवळ पोकळी, बाहेर पूर्ण दाबाचं पाणी. त्यामुळे पाणी सगळीकडून केंद्राकडे धावतं आणि केंद्राजवळ येताना त्याचा वेग वाढत जातो, कारण तेवढीच ऊर्जा आता कमी-कमी पाण्यात सामावायची असते. रॅले यांच्या सूत्राने हिशोब केला तर १ मिलिमीटर त्रिज्येचा बुडबुडा वातावरणाच्या दाबाखाली सेकंदाच्या दहा हजाराव्या भागापेक्षाही कमी वेळात मिटतो. साऱ्या बाजूंचं पाणी एका बिंदूपाशी एकमेकांवर आदळतं, तेव्हा तिथला दाब क्षणभर प्रचंड होतो आणि त्याची आघातलहर पाण्यातून बाहेर धावते.

बुडबुडा धातूच्या अगदी जवळ असेल तर आणखी एक गोष्ट घडते, आणि मला या सगळ्या विषयात तीच सर्वांत विलक्षण वाटते. धातूच्या बाजूने पाणी यायला वाट नसते. समोरच्या बाजूने मात्र मोकळी वाट असते. त्यामुळे बुडबुड्याचा बाहेरचा अर्धा भाग आधी आत खचतो आणि पाण्याची एक बारीक धार बुडबुडा भेदून सरळ धातूवर जाऊन आदळते. तिचा वेग सेकंदाला १०० मीटरच्या घरात असू शकतो, म्हणजे ताशी ३६० किलोमीटर.

एक बुडबुडा डोळ्याला दिसेल न दिसेल एवढाच. पण त्याच्या आघाताचा दाब वातावरणाच्या हजारो पट असतो. नेहमीचं स्टेनलेस स्टील वातावरणाच्या सुमारे दोन हजार पट ताणाला कायमचं वाकू लागतं. म्हणजे त्या टिकलीएवढ्या जागेत धातू दबून राहील इतका जोर या आघातात असतो. मठारकामातला एक ठोका असाच, फक्त हजारो पट लहान.

मग हाच बुडबुडा धातू खातो त्याचं काय?

ही शंका अगदी रास्त आहे. उत्तर वेळेत दडलेलं आहे.

नवा, गुळगुळीत धातू कॅव्हिटेशनखाली धरला आणि थोड्या-थोड्या वेळाने त्याचं वजन केलं, तर सुरुवातीला वजन मुळीच घटत नाही. पृष्ठभागावर बारीक चेप पडतात, थर कडक होत जातो, पण एक कणही सुटत नाही. या काळात धातू फक्त दबतो आहे, पसरू पाहतो आहे आणि आवळला जातो आहे. म्हणजे पीनिंगला नेमकं हवं तेच चाललेलं असतं. ठोके पुढेही पडत राहिले की कडक झालेल्या थराची आणखी दबायची ताकद संपते, त्यात सूक्ष्म तडे जातात आणि कण उडू लागतात. वजन घटायला लागतं ते तिथून. जहाजाच्या पंख्याने ही हद्द केव्हाच ओलांडलेली असते, कारण त्याला महिनोन्‌महिने मारा सोसावा लागतो.

कॅव्हिटेशन पीनिंग म्हणजे या पहिल्या, बिननुकसानीच्या काळात मारा करून वेळेवर थांबणं. हा काळ प्रत्येक धातूसाठी वेगळा असतो. मऊ ॲल्युमिनियमचा छोटा, कठीण पोलादाचा लांब. म्हणून प्रत्यक्ष कामाआधी त्याच धातूच्या नमुन्यावर चाचणी करून झोत एका जागी किती वेळ ठेवायचा आणि किती वेगाने सरकवायचा हे ठरवून घ्यावं लागतं. या तंत्रातली खरी हुशारी पंपात किंवा तोटीत नसून या ठरवण्यात आहे, असं माझं मत आहे. हे गणित चुकलं तर मजबूत करायला घेतलेला भाग खराब होईल.

नुसतं जोरदार पाणी मारलं तर?

पाण्याने पोलाद कापायची यंत्रं आता बऱ्याच वर्कशॉपमध्ये असतात. तिथे पाण्याचा दाब वातावरणाच्या तीन-चार हजार पट असतो आणि त्यात घासणारी भुकटीही मिसळतात. कॅव्हिटेशन पीनिंगला एवढा दाब लागत नाही. सेंदाईच्या तोहोकू विद्यापीठातले हितोशी सोयामा या विषयावर कितीतरी वर्षं काम करत आहेत. त्यांच्या प्रयोगांत पंपाचा दाब साधारण ३० मेगापास्कल, म्हणजे वातावरणाच्या सुमारे ३०० पट असतो. एवढ्या दाबाने तोटीतून सुटलेलं पाणी सेकंदाला २४० मीटरच्या आसपास वेग घेतं.

हा झोत हवेत मारायचा नसतो, तो स्थिर पाण्यात मारतात. वेगवान झोत आणि भोवतालचं थांबलेलं पाणी यांच्या सीमेवर भोवरे तयार होतात, भोवऱ्यांच्या पोटात दाब कोसळतो आणि तिथे बुडबुड्यांचे ढग जमतात. ढग झोताबरोबर पुढे जाऊन धातूवर पसरतात आणि तिथे मिटतात. ठोका देणारं पाणी झोतातलं नसून बुडबुड्याभोवतीचं आहे, हे इथे ध्यानात घ्यायचं.

याची खूण अंतरातही दिसते. तोटी धातूच्या अगदी जवळ असेल तर झोताचाच मार जोरात बसतो. तोटी मागे नेली की परिणाम घटतो, हे अपेक्षितच. पण आणखी मागे नेली की परिणाम पुन्हा वाढतो आणि दुसरं शिखर गाठतो. ते शिखर बुडबुड्यांचं. पीनिंगसाठी तोटी तिथे धरतात. मोठा भाग टाकीत बुडवता येत नसेल, तर वेगवान झोताभोवती मंद पाण्याचं जाड आवरण सोडून हवेतही हे काम करता येतं. सोयामा यांच्या गटाने तोही मार्ग वापरून दाखवला आहे.

अणुभट्टीलाच हे का हवं होतं?

वेल्डिंग करताना जोडाचा धातू वितळतो आणि थंड होताना आकसू पाहतो. भोवतालचा थंड धातू त्याला आकसू देत नाही. परिणामी जोडाच्या आसपास कायमची ओढ कोंडून राहते, म्हणजे आपल्याला हवं त्याच्या नेमकं उलट. त्यातच अणुभट्टीचं पाणी जवळपास २९० अंशांचं किंवा त्याहूनही गरम असतं. ओढ, गरम पाणी आणि गंजाला बळी पडणारा धातू या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या की वर्षांनुवर्षांत बारीक तडे सरकत जातात. तिन्हींतली एक काढली तरी तडा थांबतो. पाणी बदलणं अवघड, धातू बदलणं महाग, म्हणून ओढीवर इलाज शोधला गेला.

या तड्यांनी काय होऊ शकतं ते २००२ साली दोन देशांत दिसलं. अमेरिकेत ओहायो राज्यातल्या डेव्हिस-बेसी अणुभट्टीच्या झाकणात एक नळी तडकली होती. तिच्यातून बोरिक ॲसिडचं पाणी हळूहळू झिरपत राहिलं आणि त्याने पंधरा सेंटिमीटरहून जाड पोलादात मोठी पोकळी केली. आतला दाब वातावरणाच्या सुमारे १५० पट, आणि तो अडवायला त्या जागी शिल्लक होतं ते सेंटिमीटरभरही जाड नसलेलं स्टेनलेस स्टीलचं अस्तर. मार्च महिन्यात दुरुस्तीच्या वेळी हे उघडकीला आलं. त्याच वर्षी जपानमध्ये टेप्को या वीज कंपनीने अणुभट्टीच्या गाभ्याभोवतीच्या, म्हणजे इंधन असतं त्या भागाभोवतीच्या, आवरणातल्या तड्यांच्या नोंदी लपवल्याचं बाहेर आलं आणि पुढच्या वर्षी तिच्या सगळ्या १७ अणुभट्ट्या तपासणीसाठी बंद ठेवाव्या लागल्या.

आपल्याकडे तारापूरच्या पहिल्या दोन अणुभट्ट्या १९६९ पासूनच्या आणि उकळत्या पाण्याच्या प्रकारच्या आहेत. जपानमधल्या तड्यांची ही कहाणी त्याच जातकुळीतल्या अणुभट्ट्यांची आहे, त्यामुळे ती आपल्याला परकी नाही.

पाण्याचा झोत इथे का सोयीचा ठरला हेही आता उमगेल. इंधन बदलताना अणुभट्टी पाण्याने भरलेली असते, ते पाणीच किरणोत्सारापासून माणसांना वाचवतं. ते उपसायची गरज पडत नाही, कारण या कामाला पाणीच हवं आहे. तोटी लांबूनच यंत्राने हलवता येते. छर्रे वापरले असते तर त्यातला एखादा आत हरवण्याची धास्ती राहिली असती. बुडबुडा मिटला की मागे पाण्याशिवाय काही उरत नाही. छर्ऱ्यांपेक्षा पृष्ठभागही कमी खडबडीत राहतो आणि धातू तापत नाही.

मिळालेला दाब टिकतो का?

टिकतो, पण अमर नसतो. पोलाद काही शे अंशांवर, साधारण ५००-६०० अंशांपर्यंत तापवलं तर कोंडलेले ताण आपोआप सैल होतात. अणुभट्टीचं तापमान त्याहून बरंच खाली असतं, म्हणून तिथे दाब फारसा विरत नाही. जेट इंजिनाच्या सर्वांत गरम भागात मात्र तो तसा टिकेल असं मानता येणार नाही. एखाद्या भागावर एकदा जरी मर्यादेबाहेर भार आला आणि तो वाकला, तरी दाब कमी होतो.

दुसरं असं की दाब फुकट मिळत नाही. वरचा थर दाबला गेला की आतल्या धातूत तेवढीच ओढ वाटली जाते, कारण दोन्हींचा हिशोब जुळावाच लागतो. जाड भागात ती ओढ मोठ्या क्षेत्रात पसरून नगण्य होते. पातळ पत्र्यात ती जाणवते आणि पत्रा वाकतो, आल्मेनच्या पट्टीसारखा. दाबाचा थर साधारण अर्ध्या ते एक मिलिमीटर खोलीपर्यंत जातो, खोली धातूवर आणि माऱ्यावर अवलंबून असते. तेव्हा संपूर्ण वस्तू कडक होते ही समजूत सोडून द्यावी.

कारखान्यांना आता यात रस वाटू लागला आहे तो धातूच्या त्रिमितीय छपाईमुळे. भुकटीचे थर वितळवून बनवलेल्या टायटॅनियमच्या भागांचा पृष्ठभाग खडबडीत असतो आणि थकव्याचे तडे तिथून सहज सुरू होतात. अशा भागांवर कॅव्हिटेशन पीनिंग केलं तर ते पुन्हापुन्हा येणाऱ्या भाराचे जास्त फेरे सोसतात, असं सोयामा यांच्या प्रयोगांत दिसलं आहे. वेड्यावाकड्या, आतून पोकळ आकारांत पाणी शिरू शकतं, ही त्याची जमेची बाजू.

तडा आधीच गेला असेल तर?

मग पीनिंग उशिरा झालं. तडा दाबाच्या थरापेक्षा उथळ असेल तर त्याची ओठं मिटून तो तिथेच अडू शकतो. थराच्या पलीकडे गेलेला तडा मात्र खाली, ओढीच्या प्रदेशात पोचलेला असतो. वरून कितीही मारा केला तरी तो तिथे सरकत राहू शकतो, शिवाय वरून मिटलेला असल्यामुळे शोधायला अवघड होतो. म्हणून आधी बारकाईने तपासणी, मग पीनिंग, हा क्रम मोडून चालत नाही. अमेरिकेत गेल्या दशकात अणुभट्ट्यांच्या झाकणांतल्या नळ्यांवर हे काम सुरू झालं. तिथल्या अणुनियामक आयोगाने अशा नळ्यांच्या दोन तपासण्यांमधलं अंतर वाढवायला परवानगी दिली आहे, तपासण्या बंद करायला दिलेली नाही.